धावपट्टी शहराची, चावी कुणाची?

नमस्कार, श्रोतेहो.

विमानतळ म्हटलं की रांगा, सामानाचे पट्टे आणि घोषणा आठवतात. आज बोलायचंय ते यातलं काहीच नसलेल्या विमानतळाबद्दल. अमेरिकेत नगरपालिकांच्या मालकीचे असे छोटे विमानतळ जागोजागी आहेत. एक धावपट्टी, विमानं ठेवायची पत्र्याची हँगर, वाऱ्याने फुगणारी नारिंगी कापडी नळी आणि निळ्या पेट्रोलचा पंप. शिसं मिसळलेलं हे इंधन चटकन ओळखू यावं म्हणून त्यात मुद्दाम रंग घालतात. शिकाऊ वैमानिक, रुग्णाला नेणारं विमान, कुणाची चार आसनी हौस, असा सगळा कारभार. बहुतेक ठिकाणी कंट्रोल टॉवरही नसतो. "मी आलोय, उतरतोय" हे वैमानिकच एकमेकांना सांगतात.

रात्री तर तिथे चिटपाखरू नसतं आणि दिवे बंद असतात. मग उतरायचं कसं? वैमानिक आपल्या रेडिओचं बोलायचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबतो. तोंडातून शब्द नाही, नुसतं टक टक टक. आणि खालच्या काळोखात दिव्यांच्या दोन रांगा लख्ख उजळतात. पाच वेळा दाबलं तर मध्यम, तीनदा दाबलं तर मंद. पंधरा मिनिटांनी ते आपोआप विझतात. खरं सांगू, मला हेवा वाटतो. आम्ही इथे पंधरा मिनिटं बोलतो, पण कुणाकडे दिवा लागला की नाही, काही कळत नाही!

तर दिवे कुणीही लावावेत, पण विमानतळ बंद करणं मात्र मालकालाही सोपं नाही. धावपट्टीच्या डागडुजीसाठी केंद्र सरकार मोठं अनुदान देतं. तो पैसा येतो विमानाच्या तिकिटांवरच्या आणि इंधनावरच्या करातून. तो घेतला की विमानतळ चालू ठेवण्याचं बंधन येतं, साधारण वीस वर्षांचं. त्या पैशातून जमीन घेतली असेल, तर बंधनाला मुदतच नाही. सातबारा शहराच्या नावावर, पण चावी दुसऱ्याच्या खिशात!

शिकागोचे महापौर रिचर्ड एम. डेली यांनी ही चावी मागितलीच नाही. ३० मार्च २००३च्या रात्री सरोवराकाठच्या मेग्स फील्ड या शहराच्या विमानतळावर बुलडोझर आले आणि त्यांनी धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. सोळा विमानं तिथेच अडकली. पुढे ती शेजारच्या टॅक्सीवेवरून, म्हणजे विमानं धावपट्टीकडे नेण्याच्या रस्त्यावरून, उडवून न्यावी लागली. तीस दिवसांची आगाऊ सूचना दिली नाही म्हणून शहराला दंड झाला ३३,००० डॉलर. एवढ्या मोठ्या शहराला ही रक्कम म्हणजे चहापाणीच. अनुदानाचे दहा लाख डॉलर परत करावे लागले, ते निराळे.

कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराने न्यायालयाचा रस्ता धरला. १९२४ साली डग्लस कंपनीची विमानं जगप्रदक्षिणेला निघाली ती इथल्या विमानतळावरूनच. डीसी-३ हे विमान १९३५ साली पहिल्यांदा उडालं तेही इथूनच. पण भोवती घरं दाटली आणि आवाजाच्या, धुराच्या तक्रारी वाढल्या. वर्षानुवर्षांच्या कज्जांनंतर २०१७ साली केंद्राशी तडजोड झाली: ३१ डिसेंबर २०२८ नंतर शहराला विमानतळ बंद करता येईल. धावपट्टी मात्र त्याच वर्षी कापली. जवळपास पाच हजार फुटांची होती, ती साडेतीन हजारांवर आणली. मोठ्या जेटना ती पुरेना. छोटी विमानं अजून उतरतात.