आईला झालं, मग मला होणार का?

मंडळी, अमळनेरच्या एका नानांनी मला विचारलं होतं, "डॉक्टर, आईला अल्झायमर होता, तो विसरायला लावणारा मेंदूचा आजार. शेवटी शेवटी ती मलाच विचारायची, 'तू कोन शे?' आता चावी कुठं ठेवली ते मलाही आठवत नाही. रक्तातच आहे का हो आमच्या?"

आधी चावीचं सांगतो. चाळिशीनंतर मेंदू हळूहळू आकसतोच. नाव जिभेवर येऊन अडतं, तासाभराने आठवतं. हे वयाचं झालं. चावी हातात आहे आणि ती कशाला लागते हेच कळेना, तेव्हा मात्र दवाखाना गाठायचा.

आता रक्ताचं. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एपीओई नावाचं जनुक असतं. त्याच्या तीन जाती: ई-२, ई-३ आणि ई-४. एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. मेंदूत चरबीची ने-आण करणारं प्रथिन त्यावरून बनतं. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचा चिकट कचरा साचतो, तो उपसायला ई-४ कमी पडतं. हा संबंध १९९३ साली उजेडात आला. युरोपीय वंशाच्या लोकांत एक ई-४ असेल तर अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो, दोन असतील तर आठ ते बारा पट. तरीही ई-४ असून म्हातारपणी लख्ख राहिलेली माणसं आहेत, आणि ई-४ नसून आजार झालेलीही आहेत. जवळजवळ हमखास आजार देणारी जनुकं वेगळी. ती शंभर रुग्णांत एकातही सापडत नाहीत. म्हणून नानांना मी जनुकाची तपासणी लिहून दिली नाही.

माझ्या आईलाही हा आजार होता. १९७२च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, हे ती मुकादमाच्या नावासकट सांगायची. आणि पाच मिनिटांनी विचारायची, "मी जेवले का रे?" कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण तिथे मुरते, आणि अल्झायमर आधी तोच पोखरतो. जुन्या आठवणी इतरत्र मुरलेल्या असतात, त्या मागाहून जातात. हातांची सवय तर त्याहून उशिरा. माझं नाव विसरल्यावरही आई कळण्याची भाकरी थापायची, कड कुठे फाटायची नाही. अशा माणसाला म्हातारचळ लागला म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

तो अमायलॉइडचा कचरा लक्षणं दिसण्याआधी पंधरा-वीस वर्षं साचत असतो. म्हणजे पन्नाशीतलं बीपी, साखर, तंबाखू यांचा हिशेब सत्तरीत निघतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली. ती सगळी हटवली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश (अल्झायमर त्यातलाच एक) टळू किंवा लांबू शकतील. त्यात कमी ऐकू येणं आहे, हे आपल्याकडे कुणाच्या गावीही नसतं. ऐकू येत नाही म्हणून माणूस ओट्यावर बसायचं सोडतो, बोलणं तुटतं, मेंदूला काम उरत नाही. कानाचं यंत्र आणलेलं असतं, पण लोक काय म्हणतील म्हणून डबीत पडून राहतं. ते काढा, कानात घाला.

बाहेर मांडवात सिस्टर बीपीचं मशीन घेऊन बसल्या आहेत. नाना, पहिला नंबर तुमचा.