नाव काढताना

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या श्रावणात भाचीचा फोन आला. तिला मुलगी झाली होती, आठवा दिवस होता. म्हणाली, "मावशी, जन्मभर संस्कृत शिकवलंस, आता एक नाव काढून दे. देवाचं हवं, पण वर्गात दुसऱ्या कुणाचं नको. आणि बारसं बुधवारी आहे." फोन शनिवारी संध्याकाळी. म्हणजे हाताशी दिवस चार.

भटजींनी अक्षर काढून दिलं होतं: 'ण'. हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ आणि बाईसाहेब जन्मल्या तिसऱ्या चरणावर. आता 'ण'ने सुरू होणारं मुलीचं नाव कुणी मला सांगावं! आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला तर 'ङ' आहे. पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, ही सोय आपल्या पूर्वजांनी अशाच एखाद्या प्रसंगी केली असावी. 'ण' पत्रिकेत राहू दे म्हटलं आणि कामाला लागले.

भाचीने मोबाईलवर चाळीस नावांची यादी पाठवली होती. नाजूक, दोन अक्षरी, सगळी एकाच ठशाची. अर्थाच्या रकान्यात निम्म्या नावांपुढे 'दुर्गा' आणि उरलेल्यांपुढे 'लक्ष्मी'. मी विचारलं, कुठल्या स्तोत्रात? कुठल्या सहस्रनामात? उत्तर नाही. माझं म्हणणं एवढंच, की नाव कानाला गोड लागलं तर खुशाल ठेवा, पण मग तो अर्थ देवीच्या गळ्यात बांधू नका. आणि देवीचंच हवं असेल तर तिच्या घरी जाऊन विचारा. ललितासहस्रनामात हजार नावं आहेत. निराकुला आहे, म्हणजे जिची कधी घालमेल होत नाही ती. कांतिमती आहे, शांतिमती आहे. तनुमध्याही आहे, पण तिचा अर्थ बारीक कंबरेची. जेवायला बसलेल्या मुलीला रोज त्या नावाने हाक मारणं बरं नव्हे.

नावं ठेवण्याचे नियमही जुनेच. आश्वलायन गृह्यसूत्र, म्हणजे घरातल्या संस्कारांचा जुना ग्रंथ, म्हणतं, मुलाच्या नावात सम अक्षरं असावीत, मुलीच्या विषम. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय की मुलीचं नाव सहज उच्चारता यावं, कठोर नसावं, अर्थ स्पष्ट असावा, शेवट दीर्घ स्वराने व्हावा आणि त्यात आशीर्वाद असावा. इथपर्यंत ठीक. पण तिसऱ्या अध्यायात तीच स्मृती म्हणते, नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी यांचं नाव असलेली मुलगी बायको म्हणून करू नये! आता पाहा, महाराष्ट्राने हे किती ऐकलं. आपल्या आज्या-पणज्यांमध्ये गोदावरी, कृष्णा, यमुना, तुळसा, रोहिणी, मैना. सगळ्यांची लग्नं झाली, सगळ्यांनी नातवंडं पाहिली.

आशीर्वादाची अट मात्र आपण विसरलो, तीही कुठल्या थराला जाऊन! २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. अर्थ अगदी स्पष्ट, उच्चार सोपा, शेवट दीर्घ. मनूच्या बाकीच्या अटी पाळल्या होत्या म्हणायच्या.

असो. रविवारी मी ऋग्वेद काढला. तिथे अरण्यानी भेटते, रानाची देवता. दहाव्या मंडळात तिच्यावर सहा ऋचांचं सूक्त आहे. ऋषी तिला विचारतो, तू गावाची वाट का विचारत नाहीस, तुला भीती नाही वाटत? मग संध्याकाळी रानातून येणारे आवाज येतात. कुणी गाईला हाक मारतंय, कुणी लाकूड तोडतंय, कुठे गाडी करकरतेय. शेती न करता भरपूर अन्न असलेली, वनातल्या पशूंची आई, अशी ती. भाचीला हे फार आवडलं. जावई म्हणाले, शाळेत 'राणी' होईल. तेही खरं.

मग अपाला. आठव्या मंडळातली. ही इंद्राला सोम देते आणि तीन जागी उगवण मागते: वडिलांच्या डोक्यावर, वडिलांच्या शेतात आणि स्वतःच्या अंगावर. स्वतःसाठी मागायच्या आधी बापाचं टक्कल आणि बापाचं शेत आठवणारी पोर! मला तर हे नाव फारच जवळचं वाटतं. राकाही सांगितली, पौर्णिमेची देवता. न तुटणाऱ्या सुईने ती शिवते, असं सूक्तात आहे. पण आपल्याकडे राका म्हटलं की संतांमधले राका कुंभार आठवतात, म्हणून ते मागे पडलं.

वेदांपर्यंत जायलाच हवं असंही नाही. 'राही' हे नाव हल्ली नव्याने ऐकू येतं आणि पुष्कळांना ते हिंदीतलं वाटतं, वाटसरू या अर्थाचं. पण विठोबाच्या आरतीत रोज 'राही रखुमाबाई' म्हणतो ना आपण? ती राही म्हणजे राधिका. पंढरपूरच्या देवळात तिची वेगळी जागा आहे. 'सोयरा' घ्या. चोखोबांची पत्नी, 'अवघा रंग एक झाला' म्हणणारी. सोयरा म्हणजे नात्यातली, आपली. महानुभावांची महदंबा आहे, धवळे म्हणजे लग्नगीतं रचणारी, मराठीतली आद्य कवयित्री. ही नावं मुलींना का ठेवत नाहीत, मला खरंच कळत नाही.

माझ्या शेजारच्या बौद्ध कुटुंबात सुजाता, विशाखा, संघमित्रा पिढ्यान्‌पिढ्या आहेत. थेरीगाथेतली, म्हणजे बौद्ध भिक्खुणींच्या गाथांतली, खेमा मात्र मी अजून कुणाच्या घरी ऐकलेली नाही. खेमा म्हणजे क्षेमा, सुखरूप. जैन मैत्रिणीने ब्राह्मी सुचवलं, ऋषभदेवांची मुलगी. परंपरा सांगते की त्यांनी तिला लिपी शिकवली आणि लिपीला तिचंच नाव पडलं. आपल्याला ब्राह्मी म्हटलं की केसांचं तेल आठवतं, हा आपला दोष.

सोमवारी रात्री भाचीच्या सासूबाई बोलल्या. तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, "कुलदैवत तुळजापूरचं आणि तुम्ही जग फिरताय." बरोबर होतं. तुळजा हे नाव कसं आलं? कथा अशी: कर्दम ऋषींच्या मागे त्यांची पत्नी अनुभूती मंदाकिनीच्या काठी तप करत होती. कुकुर नावाच्या दैत्याने तिला छळलं. तिने हाक मारली आणि देवी त्वरित धावून आली, म्हणून ती त्वरिता. त्वरितेची झाली तुरजा, तुरजेची तुळजा. घरच्या देव्हाऱ्यात रोज कुंकू लावतात त्या देवीचं मूळ नाव, आणि अख्ख्या शाळेत दुसरी सापडायची नाही. अक्षरं तीन, म्हणजे विषम. शेवट दीर्घ. हाकेला धावून येणारी, हा आशीर्वाद. अडचण एकच: सहज उच्चारता यावं, ही अट. 'त्व' काही सोपा नाही.

मी म्हटलं, घाई करू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत झाली म्हणजे झालं, दाखल्यावर नाव नंतरही घालता येतं. आणि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. ते चारही शब्द एका दमात म्हणून बघा. गॅलरीत उभं राहून खाली खेळणाऱ्या पोरीला हाक मारतोय असं समजून ओरडून बघा. दोघांनी रात्री साडेअकराला ओरडून पाहिलं. शेजाऱ्यांनी दिवा लावला म्हणे.

बुधवारी बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून 'त्वरिता' सांगितलं. मग पाळण्याशी पणजीबाई आल्या, वय नव्वदीच्या घरात, दात नाहीत. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं, तोंडातल्या तोंडात घोळवलं आणि वाकून म्हणाल्या, "काय गं तुरे, झोप येत नाही होय?"

त्वरितेची तुरजा करायला लोकांच्या जिभेला किती पिढ्या लागल्या असतील, देव जाणे. पणजीबाईंनी तिची तुरी दोन मिनिटांत केली. आता पोर दहा महिन्यांची आहे, रांगते, आणि दार उघडं दिसलं की सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन जिन्यापर्यंत पोचते.

नमस्कार.