मुरगाव बंदर, ९ मार्च १९४३: चार जहाजं नेमकी बुडवली कोणी?

[कॅमेरा सड्यावर, मागे बंदर]

नमस्कार मंडळी. माझ्या मागे दिसतंय ते मुरगाव बंदर. आज इथे कोळसा उतरतो, खनिज चढतं, हिवाळ्यात क्रूझ जहाजं लागतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र याच पाण्यात साडेतीन वर्षं तीन जर्मन व्यापारी जहाजं नांगर टाकून पडली होती. पुढे त्यांच्या जोडीला एक इटालियन जहाजही आलं. ९ मार्च १९४३ च्या पहाटे ही जहाजं पेटली आणि चारही बुडाली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ. म्हणजे कायद्याने बघायला गेलं तर इथे कोणी साधी गोळीही झाडायला नको होती.

बऱ्याच जणांनी ही गोष्ट ऐकली असेल. तिच्यावर इंग्रजीत पुस्तक आलं, मग सिनेमा निघाला, त्याचं चित्रीकरणही गोव्यात झालं. सिनेमातली गोष्ट मस्त आहे. पोटं सुटलेले, केस पिकलेले काही ब्रिटिश साहेब येतात, जर्मनांचा गुप्त रेडिओ बंद पाडतात आणि हिंदी महासागरातली जहाजं वाचतात. हल्ला झाला, साहेब आले, यात शंका नाही. रेडिओचा भाग मात्र मला पटत नाही. का, ते सांगते. पण आधी घडलं काय ते बघू.

[नकाशा: अरबी समुद्र]

सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारलं, त्या वेळी ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची तीन जहाजं या भागात होती. एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स. मुंबई ब्रिटिशांची, कोलंबो ब्रिटिशांचं, एडन ब्रिटिशांचं. कुठेही गेलं तरी जहाज जप्त आणि खलाशी कैदेत. तटस्थ आणि हाताशी असलेलं बंदर म्हणजे मुरगाव. तिघांनी इथे नांगर टाकला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, तशी आन्फोरा हे इटालियन जहाजही इथेच आसऱ्याला आलं.

तटस्थ बंदराचे नियम १९०७ च्या हेग करारात आहेत. लढणाऱ्या देशाची युद्धनौका आली तर तिला साधारण २४ तासांत निघावं लागतं. व्यापारी जहाजाला ही मुदत नाही, ते युद्ध संपेपर्यंत राहू शकतं. पण दोन अटी आहेत, त्या लक्षात ठेवा. तटस्थ बंदराचा वापर करून आपल्या आरमाराला बिनतारी संदेश पाठवायचे नाहीत, ही एक. आणि तटस्थ पाण्यात कोणीही, कोणावरही हल्ला करायचा नाही, ही दुसरी. पहिली अट जर्मनांनी मोडली असा ब्रिटिशांचा दावा होता. दुसरी ब्रिटिशांनी मोडली, त्यात दाव्याचा प्रश्नच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ब्रिटिशांकडे एवढं मोठं आरमार, मुंबईत तळ, सरळ येऊन ओढून का नेली नाहीत जहाजं? कारण समोर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार होता. पोर्तुगाल हा इंग्लंडचा सर्वात जुना मित्र, त्यांची मैत्री १३७३ च्या तहापासूनची. आणि १९४३ मध्ये ब्रिटनला याच मित्राकडून एक मोठी गोष्ट हवी होती. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांनी उच्छाद मांडला होता आणि अझोर्स बेटं पोर्तुगालची. तिथे विमानतळ मिळाला तर पाणबुड्यांचा बंदोबस्त करता येणार होता. अशा वेळी गोव्यात ब्रिटिश युद्धनौका घुसवली असती तर सालाझारने दारच लावून घेतलं असतं. मुरगावची गणितं लिस्बनमध्ये मांडली जात होती, हे गोव्याच्या इतिहासात नवं नाही म्हणा.

म्हणून काम आलं स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्हकडे, म्हणजे एसओईकडे. घातपात, हेरगिरी, पुल उडवणे, असली सगळी खाती या एका संघटनेकडे. भारतातल्या शाखेचे प्रमुख कॉलिन मॅकेंझी, आणि या कामगिरीची सूत्रं लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांच्या हातात.

इथे थोडं थांबून एक वर्ष मागे, आफ्रिकेत जाऊ. जानेवारी १९४२, फर्नांडो पो बेट, आजच्या इक्वेटोरियल गिनीतलं बिओको. मालक स्पेन, तोही तटस्थ. बंदरात एक मोठं इटालियन जहाज अडकून पडलेलं. एसओईच्या माणसाने जहाजाच्या अधिकाऱ्यांना किनाऱ्यावर जेवणाची जंगी पार्टी दिली. इकडे ग्लास भरले जात होते आणि तिकडे अंधारातून टग बोटी आल्या, नांगराच्या साखळ्या स्फोटकांनी तोडल्या आणि जहाज ओढून नेलं. एक गोळी झाडावी लागली नाही. मुरगावचा बेत बघितलात तर तुम्हाला हाच आराखडा दिसेल. पार्टी, अंधार, साखळ्या तोडायची स्फोटकं, सगळं तेच. फर्नांडो पोच्या जहाजावरच्या चालू रेडिओचीही ब्रिटिशांना काळजी होती. पण तिथेही बेत होता तो जहाज ओढून न्यायचा.

बरं, गोव्यात पाठवायचं कोणाला? सैनिक पकडला गेला तर ब्रिटन पकडलं गेलं. मग निवड झाली कलकत्ता लाइट हॉर्सची. नावाला घोडदळ, स्वयंसेवकांचं. सभासद म्हणजे कलकत्त्यातले ताग आणि चहाचे व्यापारी, वकील, कंपन्यांचे साहेब. क्लब, पोलो आणि संध्याकाळचा पेग. बरेच जण चाळिशी ओलांडलेले, त्यामुळे फौजेने कधी लढायला बोलावलं नाही. त्यांच्यातले १४ आणि कलकत्ता स्कॉटिश या तशाच स्वयंसेवक पलटणीचे ४ असे १८ जण तयार झाले. नेतृत्व बिल ग्राइस यांचं. ना पगार, ना पदक, आणि तोंड उघडायचं नाही अशी अट.

वाहन काय मिळालं? फीबी नावाची बार्ज. गोंयकाराला बार्ज म्हणजे काय ते सांगायला नको, मांडवी-झुवारीत आपण जन्मभर खनिजाच्या बार्जी बघितल्या. ही मात्र गाळ वाहायची. तळाला दारं असतात, बंदरातून उपसलेला गाळ भरायचा आणि खोल समुद्रात जाऊन दारं उघडून सोडून द्यायचा. असलं धूड हुगळीतून निघालं आणि सिलोनला वळसा घालून कोचीनला पोचलं. बरीच मंडळी रेल्वेने कोचीनला आली आणि तिथे बार्जवर चढली.

[फोटो: बंदर]

गोव्यातली तयारी लाइट हॉर्सच्याच जॉक कार्टराइटने आधी येऊन केली होती. पैसे चारून बंदराचा दिवा त्या रात्री बंद राहील अशी सोय झाली. अधिकाऱ्यांसाठी शहरात मेजवानी. खलाशांसाठी बंदरातल्या वेश्यावस्तीत सगळं फुकट, बिल एसओईचं. त्या बायकांबद्दल कुठल्याही वर्णनात याच्या पलीकडे एक ओळ सापडत नाही. ब्रिटिश माणसांची नावं, वयं, धंदे, विनोद, सगळं आहे. गोव्यातली माणसं मात्र या गोष्टीत लाच घ्यायला, दारू ओतायला आणि खिडकीतून आग बघायला तेवढी येतात.

तारीख कशी निवडली असेल ते मी पंचांगात बघितलं, म्हणजे ख्रिस्ती पंचांगात. १९४३ चा ईस्टर २५ एप्रिलला होता. ईस्टर याहून उशिरा येऊच शकत नाही. म्हणजे राखेचा बुधवार, ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात तो दिवस, १० मार्च, आणि ९ मार्च हा इंत्रुजाचा, म्हणजे कार्निवलचा, शेवटचा मंगळवार. सोमवारची रात्र उलटून मंगळवार उजाडायच्या आत हल्ला झाला. इंत्रुजात गोव्यात रात्रभर आवाज, फटाके, नाच. कुठे काही धडाडलं तरी कोण लक्ष देणार?

पहाटे अडीचच्या सुमारास फीबी दिवे न लावता बंदरात शिरली आणि एरेनफेल्सच्या कुशीला भिडली. लोखंडी आकडे फेकले, बांबूच्या शिड्या लावल्या आणि साहेब लोक चढले. एरेनफेल्सवरचे लोक अगदीच गाफील नव्हते. कॅप्टन रोफर जहाजावरच होते. झटापट झाली, गोळ्या चालल्या, त्यात रोफर आणि आणखी काही जर्मन ठार झाले. हल्लेखोरांपैकी कोणी मेलं नाही.

आता बघा, बेत होता जहाज ओढून न्यायचा. आणि इथे तो फसला. कारण जर्मनांनीही साडेतीन वर्षं तयारी केली होती. जहाजाच्या तळाला समुद्राचं पाणी आत घेण्याच्या झडपा असतात, इंजिन थंड ठेवायला वगैरे. एरवी पाणी पाइपातून जातं. झडप उघडून पाइप मोकळा केला की समुद्र थेट इंजिनघरात शिरतो, आणि एकदा इंजिनघर भरलं की पंप चालवायला ताकदही उरत नाही. खाली खलाशांनी झडपा उघडल्या, वर आग लावली. एरेनफेल्स पायाखालून जातंय हे कळल्यावर लाइट हॉर्सवाले घाईघाईने फीबीवर परतले आणि बाहेर पडले.

उरलेल्या तीन जहाजांवर कोणी चढलंसुद्धा नाही. एरेनफेल्सचा भोंगा वाजला, ज्वाळा दिसल्या, आणि त्या तिघांच्या खलाशांना वाटलं की ब्रिटिश आरमारच आलं. त्यांनाही हुकूम तोच होता, शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही. त्यांनी आपलीच जहाजं पेटवली, आपल्याच झडपा उघडल्या. म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे, की ब्रिटिशांनी एकही जहाज बुडवलं नाही. चारही जहाजं त्यांच्या स्वतःच्या खलाशांनी बुडवली.

आणि हेच सगळ्यांना सोयीचं पडलं. बाहेर हकिगत अशी आली की बंदरात सडलेल्या, कंटाळलेल्या खलाशांनीच जहाजं जाळली. ती पूर्ण खोटीही नव्हती. पोर्तुगिजांनी खलाशांना ताब्यात घेतलं. आपल्या बंदरात परक्यांनी शस्त्रं चालवली हे कबूल करण्यापेक्षा लिस्बनलाही हे बरं होतं. ऑगस्टमध्ये अझोर्सचा करार झाला, ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश तिथे उतरलेसुद्धा. लाइट हॉर्सची गोष्ट मात्र १९७८ पर्यंत गुलदस्त्यात राहिली.

आता रेडिओ. गोष्टीत म्हटलंय की एरेनफेल्सवरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांचे ठावठिकाणे जर्मन पाणबुड्यांना कळवले जात होते, पणजीतला रॉबर्ट कॉख नावाचा जर्मन हेर ती माहिती पुरवायचा, आणि १९४२ च्या अखेरीस प्यूंनी त्याला पळवून सीमेपलीकडे नेलं. तटस्थ पोर्तुगीज बंदरांत हेर नव्हते असं मी म्हणणार नाही. मोझांबिकमध्ये, आजच्या मापुतोत, ते होते आणि जहाजांच्या बातम्या देत होते. पण मार्च १९४३ ला जर्मन पाणबुड्या कुठे होत्या ते बघा.

[नकाशा: दक्षिण आफ्रिका ते गोवा]

त्या होत्या दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला. ऑक्टोबर १९४२ पासून त्यांची शिकार केपटाउन, डर्बन या पट्ट्यात चालली होती. गोव्यापासून सहा हजार किलोमीटरहून लांब. २८ नोव्हेंबर १९४२ ला नोव्हा स्कोशिया हे ब्रिटिश जहाज तिथेच पाणबुडीने बुडवलं, आठशेहून अधिक माणसं मेली, त्यांत बहुसंख्य इटालियन युद्धकैदी. वाचलेल्यांना पाण्यातून काढलं ते अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज युद्धनौकेने. हो, तीच, जी १८ डिसेंबर १९६१ ला याच मुरगाव बंदरात भारतीय नौदलाशी लढली आणि शेवटी किनाऱ्यावर चढवावी लागली.

अरबी समुद्रात जर्मन पाणबुड्यांचा पहिला मोठा जथा आला तो सप्टेंबर १९४३ ला. त्यांच्या गटाचं नावच 'मान्सून'. तोवर एरेनफेल्स बुडून सहा महिने झाले होते, तरी त्यांनी इथे जहाजं बुडवलीच.

मग ब्रिटिशांना एरेनफेल्सची एवढी धास्ती का? माझं मत विचाराल तर कारण जहाज हेच. एरेनफेल्सच्याच बांधणीची हान्सा कंपनीची आणखी दोन जहाजं होती, गोल्डेनफेल्स आणि कांडेलफेल्स. जर्मन आरमाराने त्यांच्यावर छुप्या तोफा बसवल्या आणि नावं बदलली, अटलांटिस आणि पिंग्विन. व्यापारी जहाजाचं सोंग घेऊन या दोघांनी १९४० आणि ४१ मध्ये हिंदी महासागरात हैदोस घातला. एकट्या अटलांटिसने २२ जहाजं पकडली किंवा बुडवली. दोघांना संपवायला क्रूझर जातीच्या ब्रिटिश युद्धनौका लागल्या. त्यांची बहीण मुंबईपासून एका दिवसाच्या अंतरावर नांगर टाकून बसली असताना दिल्लीतल्या आणि लंडनमधल्या माणसांना झोप लागणं कठीणच. पकडली तर जहाजांच्या दुष्काळात एक चांगलं जहाज मिळालं, बुडाली तर घोर मिटला. पण "भीती वाटली म्हणून तटस्थ बंदरात घुसलो" हे काही सिनेमात शोभत नाही. रेडिओ शोभतो.

आणखी एक प्रसंग सांगते आणि थांबते, कारण तो कोणीच सांगत नाही. हल्ल्याला सात महिने झाले होते. ऑक्टोबर १९४३. याच मुरगावला दोन मोठी प्रवासी जहाजं लागली. एक जपानी, तेइया मारू. तिच्यावर जपानच्या ताब्यातल्या आशियात अडकलेले अमेरिकन, कॅनडियन नागरिक. दुसरं स्वीडनचं ग्रिप्सहोम, न्यूयॉर्कहून आलेलं, त्याच्यावर जपानी. दोन्हीकडे दीड हजाराच्या आसपास माणसं. समुद्रभर युद्ध पेटलेलं असताना अमेरिका आणि जपान या दोघांनाही माणसं बदलून घ्यायला चालेल असं एक तटस्थ बंदर हवं होतं. त्यांनी निवडलं मुरगाव. एका जहाजातली माणसं उतरून दुसऱ्यात चढली आणि आपापल्या घरी गेली.

मुरगाव, वास्को, बायणा, चिखली भागातल्या कोणाच्या घरी आजी-आजोबांनी त्या पहाटेबद्दल किंवा या अदलाबदलीबद्दल काही सांगितलं असेल, तर खाली जरूर लिहा. साहेबांची बाजू आपल्याकडे भरपूर आहे. गोदीत काम करणाऱ्यांची जवळजवळ नाहीच.