आधी खुर्ची, मग स्पीकर

मंडळी, एका मित्राच्या घरी नवं होम थिएटर बसवलं होतं. त्याच्या आई, म्हणजे आमच्या काकू, मला म्हणाल्या, "स्फोट झाला की खिडक्या थरथरतात, पण माणसं बोलतात ते काही कळत नाही. मी आपली खालची अक्षरं वाचते." घरच्यांनी गृहीत धरलं होतं की आता काकूंचं वय झालं. मी टीव्हीखाली वाकून पाहिलं. मधला स्पीकर कपाटाच्या खालच्या कप्प्यात पार आत ढकललेला, त्याचं तोंड बसणाऱ्याच्या गुडघ्यांकडे. तो कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूला रबराचे दोन तुकडे सरकवून तोंड वर केलं, आणि पातळी मोजली तर डाव्या-उजव्यापेक्षा ५ डेसिबलने कमी. ती भरून काढली, तोच प्रसंग पुन्हा लावला, तर अक्षरं बंद करूनही काकूंना संवाद कळत होते. कान ठीकच होते.

चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली. पण मला आज मुख्यतः सांगायचंय ते खुर्चीबद्दल. स्पीकर कुठे ठेवायचे, हे सगळे विचारतात. ऐकणारा कुठे बसणार, हे आधी ठरायला हवं, कारण सगळी मापं तिथूनच निघतात. काकूंच्या घरी रिसीव्हरचा, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राचा, माइक सोफ्याच्या मधोमध ठेवून आपोआप मोजणी केली होती आणि काकू रोज बसायच्या डावीकडच्या एकट्या खुर्चीत! आम्ही ती खुर्ची मधल्या रेषेकडे सरकवली आणि पहिलं माप तिथेच घेतलं. शक्य असेल तर खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका. भिंतीपाशी खर्जाचा आवाज साचतो.

एकदा खुर्ची ठरली की ५.१ मांडणीचे (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) कोन आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दिलेलेच आहेत. समोरचे दोन मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर आणि बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या जरा मागे. समोरचे तिन्ही शक्यतो कानाच्या उंचीला.

आता अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. समोरचा स्पीकर साडेतीन मीटरवर आणि मागचा दीड मीटरवर असेल तर मागचा आवाज ६ मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्याशा फरकाने काय होतंय, असं वाटेल. पण आपला कान जो आवाज आधी येतो त्याच्याकडे वळतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली हाच विषय तपासला आणि या परिणामाला त्यांचं नाव मिळालं. म्हणून रिसीव्हर जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून ठेवतो. त्याला खरी अंतरं सांगायची. टेपचं एक टोक डोक्याच्या जागी, दुसरं स्पीकरच्या तोंडाशी. सबवूफरचं अंतर मात्र आपोआप मोजणीत कधी कधी टेपपेक्षा मीटर-दोन मीटर जास्त येतं. ती चूक समजून खोडू नका. सबवूफरच्या आतल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो, तो उशीर त्या आकड्यात धरलेला असतो.

पातळीसाठी रिसीव्हरमधला चाचणीचा आवाज लावायचा, पावसाच्या संततधारेसारखा तो एकसुरी सर्र आवाज. आवाज मोजायचं मीटर तिवईवर, कानाच्या उंचीला. त्यावरची सेटिंग: भार 'सी', वेग 'स्लो'. मग एकेका स्पीकरला ७५ डेसिबलवर आणायचं. फोनच्या ॲपवर स्पीकरांची आपसातली तुलना जमते, पण सबवूफरसाठी त्याच्यावर विसंबू नका. फोनचा माइक खर्जात कच्चा असतो. आणि एक कळकळीची विनंती, मागचे स्पीकर "ऐकू तर यायला हवेत" म्हणून ३-४ डेसिबलने वाढवू नका. पाऊस पडतोय असं वाटलं पाहिजे, स्पीकर वाजतोय असं नाही.

खरी कसोटी खर्जाची. समांतर भिंतींमध्ये काही सूर अडकून घुमतात. खोली ५ मीटर लांब असेल तर ३४३ भागिले १०, म्हणजे सुमारे ३४ हर्ट्झचा सूर तिच्या लांबीत नेमका मावतो. तो भिंतींपाशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर कितीही चांगला असला तरी हे टळत नाही. यावरचा उपाय जुना आहे आणि मला फार आवडतो. सबवूफर उचलून चक्क खुर्चीच्या जागी ठेवा, वर-खाली फिरणारं खर्जाचं वादन लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत चला, कान सबवूफर ठेवायच्या उंचीला. एका कोपऱ्यात सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसती घूं-घूं ऐकू येईल. दोन हात पुढे गेलात की एखादा सूर गायबच होईल. जिथे प्रत्येक सूर सुटा आणि सारख्या जोराचा ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवा. इक्वलायझरने, म्हणजे सुरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, फुगलेला सूर कापता येतो, हरवलेला भरून काढता येत नाही. जोर वाढवला की भिंतीवरून परतून त्याला मारणारं प्रतिबिंबही तितकंच जोरकस होतं. तिथे जागाच बदलावी लागते.

क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यात आवाज वाटून देणारी सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा ओळखता येत नाही, म्हणून तो सबवूफरकडे सोपवायचा. समोरचे स्पीकर उंच, भारी असले की काही रिसीव्हर त्यांना 'लार्ज' ठरवतात, म्हणजे खर्जही त्यांच्याकडेच पाठवतात. ते 'स्मॉल' करा. त्यात स्पीकरचा अपमान नाही, त्याचा भार हलका होतो. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवा, नाहीतर एकाच आवाजाला दोन चाळण्या लागतात.

आपोआप मोजणी करताना पंखा बंद, सगळे गप्प. माइक खुर्चीच्या पाठीवर टेकवायचा नाही, कारण गादीवरून परतणारा आवाज त्यात मिसळतो. नंतर यंत्राने काढलेलं प्रत्येक अंतर आणि पातळी एकदा डोळ्यांखालून घाला. एखाद्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्याची सूचना आली तर आधी तारा बघा. त्या बरोबर असतील तर पुढे जा, कधी कधी परावर्तनामुळेही यंत्र फसतं.

खुर्चीच्या पायांखाली जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा. झाडलोट झाली की ती पुन्हा त्याच जागी आणता येते. जाड पडदे काढले, गालिचा बदलला किंवा सोफा हलवला, तर माइक पुन्हा बाहेर काढा. वीस मिनिटांचं काम आहे.