हा रंग कुणासाठी?

[दृश्य: पहाटेचा माळ. एकटं, निष्पर्ण झाड. आवाज: लांबून टिटवी, मध्येच भारद्वाजाचं घुमणं.]

मार्चचा शेवटचा आठवडा. सूर्य वर यायला अजून दहा मिनिटं आहेत, आणि समोरच्या पळसाचा रंग अजून उजळलेला नाही. या उजेडात त्याची फुलं विझलेल्या निखाऱ्यांसारखी दिसतात. ज्याला ठाऊक नाही तो म्हणेल, झाड जळून गेलंय.

[दृश्य: पहिली किरणं. फांदीचं टोक हळूहळू केशरी होतं.]

आता बघा.

पळसाला पानं तीनच, ही म्हण आपण सगळेच वापरतो. फाल्गुनात मात्र तीही नसतात. झाड पानं टाकून देतं आणि उघड्या फांद्यांवर फुलं काढतं. कारण सरळ आहे: फुलं लांबून दिसायला हवीत, मध्ये हिरवा आडोसा नको. प्रश्न एवढाच, की कुणाला दिसायला हवीत?

आपल्याला तर नाहीच. उन्हाळ्याच्या तोंडावर रानात जे रंग उघडतात, त्यांतला एकही आपल्यासाठी नसतो. हातात कॅमेरा आला की नेमकं हेच विसरायला होतं.

[दृश्य: एका फुलाचं अगदी जवळून चित्र. काळपट मखमली देठ, वाकलेली पाकळी.]

पळसाच्या फुलाची ही खालची वाकडी पाकळी पाहा. पोपटाची चोच. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात: ‘किं शुक?’ म्हणजे, हा पोपट की काय? ही चोच खरं तर दोन पाकळ्या जुळून झालेली आहे आणि परागकण तिच्या आत असतात. पक्षी मधासाठी आत डोकावला, तिच्यावर दाब पडला, की आतले केसर त्याच्या अंगाला घासतात. पुढच्या फुलापर्यंतची वाहतूक झाली.

मधमाशीच्या डोळ्याला लाल रंग नीट कळत नाही. तिची नजर चालते जांभळ्याच्या पलीकडे, आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील रंगात. लाल आणि केशरी ही पक्ष्यांना घातलेली साद आहे. पळसाला वास नाही, म्हणून सुभाषितात विद्या नसलेल्या देखण्या माणसाला निर्गंध किंशुकाची उपमा दिली गेली. पळसावर हा अन्यायच झाला. ज्यांना बोलावायचंय ते वासावर येतच नाहीत, मग वास तयार करायचा कशाला?

[दृश्य: शिंजीर, साळुंक्या, बुलबुल, खार. भराभर बदलणारी चित्रं.]

साडेसात वाजले आणि झाडावर बाजार भरला. नर शिंजीर आला, विणीच्या दिवसांतला त्याचा निळा-जांभळा धातूसारखा झगमगाट अंगावर घेऊन. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल. एक टकाचोर. खारही आली, आणि फुलात तोंड घालून नाक पिवळं करून गेली. पोपट आले ते मात्र फुलं तोडून खाली टाकायला. त्यांना कुरतडण्यात रस, झाडाचा फायदा शून्य.

आणि भोरड्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. यांना पळसमैनाही म्हणतात. हिवाळा आपल्याकडे काढून एप्रिलमध्ये हे थवे मध्य आशियाकडे निघतात, तिकडच्या गवताळ मुलखात वीण करायला. निघण्यापूर्वीची त्यांची ही शेवटची पंगत.

[दृश्य: छायाचित्रकाराचा हात, कॅमेऱ्याचा मागचा पडदा. त्यावर सपाट केशरी फूल.]

आता थोडी माझ्या फजितीची गोष्ट. पहिल्या वर्षी मी पळसाचे साडेतीनशे फोटो काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले, तर सगळी फुलं प्लॅस्टिकची. पाकळीवरची लव नाही, शिरा नाहीत, नुसता केशरी डाग. कॅमेरा उजेडाचा हिशेब पूर्ण चित्रावरून करतो. करड्या फांद्या आणि निळं आकाश सांभाळता सांभाळता पाकळीतला लाल रंग केव्हाच ओसंडून जातो, आणि एकदा गेलेला तपशील परत येत नाही. तेव्हापासून मी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवतो, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड जवळजवळ निम्माच घेतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेखही एकत्र न बघता लाल रंगाचा वेगळा काढून बघतो.

शिंजिरासाठी शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. पण त्याच्या मागे फिरायचं नाही. उजेड आपल्या पाठीशी येईल अशी एक खालची फांदी निवडायची आणि तिच्यासमोर बसायचं. पक्षी फेऱ्या घालतात. आज ना उद्या त्या फांदीची पाळी येतेच. उद्या म्हणालो ते थट्टेत नाही, मला दुसऱ्या दिवशी मिळाला.

नऊच्या पुढे सामान आवरलेलं बरं. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरायला लागते. ही थरथर लांब पल्ल्याच्या लेन्समधून अधिकच मोठी दिसते. फोटो मऊ, पाण्यातून काढल्यासारखा. मग आपण लेन्सला दोष देतो, दुकानात चकरा मारतो. त्यावर महागडी लेन्स हा इलाज नाही. लवकर उठणं हा आहे. किंवा विषयाच्या खूप जवळ जाणं. जवळ जाणं म्हणजे काय, हे मला एका सरड्याने शिकवलं.

[दृश्य: सातारा जिल्हा, चाळकेवाडीचं पठार. पिवळं वाळलेलं गवत, काळे-तांबूस कातळ, मागे फिरणाऱ्या पवनचक्क्या. वाऱ्याचा आवाज.]

साताऱ्याची पठारं म्हटली की लोकांना सप्टेंबर आठवतो. कास, गर्दी, जांभळा-पिवळा गालिचा. एप्रिलमध्ये इथे कुणी येत नाही. हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या या पठारावर पाय भाजतील असा कातळ आणि टोचणारं गवत. फूल एकही नाही.

पण रंग आहे. तो एका बोटभर सरड्याच्या गळ्याखाली घडी घालून ठेवलेला आहे.

[दृश्य: दगडावर मातकट सरडा. स्थिर. अचानक गळ्याखालचा पंखा उघडतो: निळा, काळा, केशरी. मिटतो.]

पाहिलंत? पुन्हा दाखवतो, सावकाश.

[दृश्य: तेच, मंद गतीने.]

याचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. हो, प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं नाव खरोखरच ‘सरडा’ आहे, मराठीतून उचललेलं. आधी गळ्याला पंखा असलेले हे सगळे सरडे सिताना या एकाच नावाखाली मोडत. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांतले काही वेगळे काढले, आणि या जातीचं पहिलं वर्णन झालं ते याच चाळकेवाडीच्या नमुन्यांवरून.

मार्च ते मे हा यांच्या विणीचा हंगाम. नर आपल्या हद्दीतला सगळ्यात उंच दगड पकडतो. उंच म्हणजे वीतभर. पुढच्या पायांवर अंग उचलतो, मान वर करतो आणि पंखा उघडतो. एक प्रेक्षक मादी. ती मातीच्या रंगाची, तिच्या गळ्याला असलं काही नाही. दुसरा प्रेक्षक शेजारच्या दगडावरचा नर, त्याला इशारा की इकडे फिरकू नकोस.

तिसरा प्रेक्षक न बोलावलेला. कापशी, तिसा, आकाशातून खाली बघणारे सगळे. ज्या निळ्या झळकेकडे मादी बघते, तीच झळक शिकारी पक्ष्यालाही दिसते. म्हणून पंखा क्षणात उघडतो, क्षणात मिटतो. फोटो काढणाऱ्याला तो क्षणच हवा असतो, आणि बटण दाबेपर्यंत तो गेलेला असतो. पंख्याची वाट बघू नका, त्याआधीचं बघा. पुढचे पाय ताठ झाले, हनुवटी वर गेली, की बोट दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं.

[दृश्य: छायाचित्रकार पोटावर, कातळावर सरपटतो आहे.]

आणि त्याच्या डोळ्याच्या उंचीवर यायचं. उभ्याने काढलेल्या फोटोत सरडा म्हणजे दगडावरचा एक ठिपका असतो. खाली झोपलं की त्याचा दगड डोंगर होतो. कोपरांना जाड कापड बांधा, पाणी जवळ ठेवा. एका वेळी हातभर पुढे, मग थांबा. त्याने पंखा बंद ठेवून तुमच्याकडे एकटक पाहायला सुरुवात केली की समजायचं, आपण जास्त पुढे आलोय.

सगळ्यात जवळून मिळालेला माझा फोटो एका पवनचक्कीच्या पायथ्याशी काढलेला आहे. जेमतेम सहा फुटांवरून. त्या दिवशी मी फार खूश होतो; वाटलं, आपलं सरपटणं आता जमायला लागलं.

मग २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचनात आला. याच पठारावरचा. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. खाणारे कमी, म्हणून सरडे जास्त. दाटी वाढल्याने ते अंगाने किडकिडीत. आणि भीती कमी झाल्यामुळे, कुणी जवळ आलं तरी लवकर पळत नाहीत.

म्हणजे माझ्या कौशल्याचा त्यात काही भाग नव्हता. कापशी तिथे येत नव्हती, एवढंच.

तो फोटो मी अजून दाखवतो. खाली जागा लिहायला विसरत नाही.

[दृश्य: माळरान. रिकामी, खडकाळ जमीन. कॅमेरा बराच वेळ स्थिर.]

या चित्रात चार अंडी आहेत.

दिसली नाहीत ना? मलाही नव्हती. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तेव्हा लक्षात आलं की आपण चुकीच्या जागी उभे आहोत. तिची अंडी उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मध्ये, खड्यांच्याच रंगाची. हाही रंगच, फक्त कुणालाच दिसू नये म्हणून लावलेला.

हे चित्र आम्ही लांबून, लेन्सने घेतलंय आणि लगेच तिथून निघालोय. जागा सांगणार नाही. या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी कमी, सावली धरण्यासाठी जास्त. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार करते. आपण चांगल्या फोटोसाठी अर्धा तास तिथे रेंगाळलो, तर ती अर्धा तास हवेत आणि अंडी तव्यावर. घरट्यांचे फोटो काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. यावर मित्रांशी भांडणंही झाली आहेत.

[दृश्य: एप्रिलअखेर. रस्त्याकडेचा बहावा, पिवळे घोस वाऱ्यावर हलतात.]

एप्रिल सरता सरता बहावा. याच्याबद्दल ठोकताळा आहे की फुलल्यावर ४५ दिवसांनी पाऊस येतो. मी त्यावर भरवसा ठेवून रेनकोट काढणार नाही; एकाच रस्त्यावरची दोन झाडं पंधरा दिवसांच्या अंतराने फुललेली मी पाहिली आहेत.

बहाव्याचे फोटो सगळेच काढतात, म्हणून त्याचा आवाज ऐकवतो.

[आवाज: भुंग्याची नेहमीची गुणगुण. थांबते. मग एकदम वरच्या पट्टीतला छोटा, तीव्र आवाज. पुन्हा गुणगुण.]

मधला तो चढलेला सूर ऐकलात? बहाव्याच्या फुलात मध नसतो. भुंगा येतो तो परागासाठी. फुलाला धरतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि त्या कंपाने पराग बाहेर सांडतात. फुलात दहा पुंकेसर: तीन लांब आणि वाकलेले, चार मध्यम, तीन अगदी लहान. भुंगा मधल्यांकडून आपला शिधा झाडून घेतो, तेवढ्यात लांबवाले गुपचूप त्याच्या अंगाला पराग लावून देतात.

फोटोत यातलं काहीच येत नाही. पिवळं फूल आणि काळा भुंगा येतो.

[दृश्य: अंधार. पडदा जवळजवळ काळा.]

शेवटचा मुक्काम पूर्व विदर्भात, गावालगतच्या एका मोहाखाली. पहाटेचे चार. तसा मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा. हे चित्रण बहाव्याच्या आधीचं आहे, पण मुद्दाम शेवटी ठेवलंय.

मोहाची फुलं रात्रीची. फिकी, मलईच्या रंगाची, घमघमीत. त्यांच्याकडे येतात वटवाघळं. त्यांना केशरी झगमगाट काय कामाचा? इथे सगळा कारभार वासावर. अस्वलंही याच वासावर येतात, म्हणून गावातल्या दोघांना सोबत घेतल्याशिवाय आम्ही इथे बसलेलो नाही. कॅमेरा तिकाटण्यावर लावून ठेवलाय खरा, पण दाखवायला काही नाही. ऐका.

[आवाज: टप. शांतता. टप. टप. वर पंखांची फडफड. टप.]

मांसल पाकळ्यांचे पेले गळून पडतायत. उजाडेपर्यंत हे चालणार.

[आवाज तसाच, एक मिनिट. हळूहळू उजेड. जमिनीवर पसरलेली फिकी फुलं.]

पावणेसहाला पाऊलवाटेवर बोलण्याचे आवाज आले. टोपल्या घेऊन चारपाच बाया. त्यांतल्या एका आजींनी आधी झाडाखाली बघितलं, मग आमच्या तिकाटण्याकडे, मग माझ्याकडे.

“जरा तिकडे सरका ना जी. मोहावर उभे आहात तुम्ही.”

[दृश्य: तिकाटणं उचललं जातं. कॅमेरा डुलतो, पडद्यावर जमीन, पाय, टोपली. चित्रण थांबतं.]