डार्विनने ती औषधं घेतली होती

होमिओपॅथीचा विषय निघाला की थोरामोठ्यांची नावं पुढे येतात. डार्विन, पॅगानिनी, ईश्वरचंद्र विद्यासागर, रवींद्रनाथ टागोर. एवढ्या मोठ्या माणसांनी ही औषधं घेतली, काहींनी दिलीसुद्धा, मग शंका कशाला, असा त्यामागचा सूर असतो. आज मला या माणसांच्या जरा जवळ जाऊन पाहायचंय. त्यांनी नेमकं काय केलं, आणि त्यांना स्वतःला त्याबद्दल काय वाटत होतं?

आधी काळ लक्षात घ्या. डिसेंबर १७९९मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजारानं अंथरुणाला खिळले. त्यांच्या डॉक्टरांनी एका दिवसात अनेकदा शीर कापून त्यांचं रक्त काढलं. रात्री ते गेले. त्या काळी हा निष्काळजीपणा नव्हता, हाच उत्तम उपचार मानला जाई. जोडीला पारायुक्त कॅलोमेल आणि कडक जुलाब. अशा जगात जर्मनीतले डॉक्टर सॅम्युअल हानेमान म्हणू लागले, की निरोगी माणसात जी लक्षणं एखादं द्रव्य निर्माण करतं, त्याच लक्षणांच्या रोग्याला ते अगदी थोडं थोडं द्या. हीच होमिओपॅथी. मलेरियावर दिली जाणारी सिंकोनाची साल त्यांनी १७९०मध्ये स्वतःवर वापरून पाहिली होती आणि १८१०मध्ये ‘ऑर्गेनॉन’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. ‘अॅलोपॅथी’ हा शब्दही त्यांचाच. होमिओपॅथीच्या औषधानं रोग्याला निदान इजा तरी होत नव्हती, आणि तेव्हा ही फार मोठी गोष्ट होती.

नामवंत रोगी हानेमान यांच्याकडेही आले. लाइपझिगच्या रणात नेपोलियनला हरवणारा सेनापती श्वार्झेनबर्ग १८२०मध्ये आला आणि त्याच वर्षी वारला. विरोधकांनी हानेमान यांनाच बोल लावला आणि पुढच्याच वर्षी ते केथेन या छोट्या गावी निघून गेले. पुढे पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक पॅगानिनी त्यांच्याकडे उपचारांना गेला. यापैकी कशानंही औषधाबद्दल काही सिद्ध होत नाही. एक रोगी दगावला म्हणून औषध खोटं ठरत नाही आणि एक नामवंत येऊन गेला म्हणून खरं ठरत नाही.

डार्विनची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. उलट्या, पोटदुखी, थकवा यांनी तो वर्षानुवर्षं हैराण होता. १८४९मध्ये तो कुटुंबासह इंग्लंडमधल्याच माल्व्हर्नला गेला. तिथे डॉ. जेम्स गली जलोपचार करत: घाम काढणं, गार पाण्याची अंघोळ, ओल्या चादरी, रोज चालणं, बेताचं खाणं. त्यासोबत होमिओपॅथीची औषधंही देत. डार्विनला बरं वाटलं. इथपर्यंतची हकीकत मोठ्या उत्साहानं सांगितली जाते, आणि पुढे जोडलं जातं की म्हणूनच तो उत्क्रांतीवरचा ग्रंथ लिहू शकला.

पण डार्विनची पत्रं उपलब्ध आहेत. बहिणीला त्यानं कळवलं, की गली मला दिवसातून तीनदा होमिओपॅथीची औषधं देतात, मी ती आज्ञाधारकपणे घेतो, पण कणभरही विश्वास नाही. पुढच्या वर्षी, १८५०मध्ये, नात्यातला दूरचा भाऊ फॉक्स याला लिहिताना तो या विषयावर चांगलाच संतापलेला दिसतो. त्या पत्रातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. संख्याशास्त्रज्ञ केतले याचा हवाला देऊन तो म्हणतो, काहीच उपचार न करता आजाराचं काय होतं, हे कुणालाच माहीत नाही. मग तुलना कशाशी करायची? त्याला स्वतःला बरं वाटलं होतं, तरीही हा प्रश्न त्यानं सोडला नाही. ज्या माणसाला साक्षीदार म्हणून उभं केलं जातं, तोच उलटतपासणी करतोय.

अशी तुलना त्याआधीच जर्मनीतल्या एका शहरात झाली होती, १८३५मध्ये न्यूरेंबर्गला. होमिओपॅथीचे समर्थक आणि विरोधक यांच्यातला वाद विकोपाला गेला, तेव्हा लोकांनी शंभर बाटल्या घेतल्या. अर्ध्या बाटल्यांत बर्फाचं शुद्ध पाणी. उरलेल्यांत तेच पाणी, पण शंभरपट असं तीस वेळा विरळ केलेल्या मिठाचं. बाटल्या आधीच नीट मिसळून त्यांना आकडे घातलेले; कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. पन्नास जणांनी आपले अनुभव कळवले. बेचाळीस जणांना काहीच वेगळं जाणवलं नाही. आठ जणांना जाणवलं; त्यातल्या पाचांकडे मीठ होतं, तिघांकडे नुसतं पाणी. प्रयोग लहान होता, पण त्याची रीत पाहा. आज औषधांच्या चाचण्या याच रीतीनं होतात.

आता कोलकात्याला येऊ. विद्यासागरांची डोकेदुखी होमिओपॅथीची औषधं देणाऱ्या राजेंद्रलाल दत्त यांच्या औषधानं थांबली, असं सांगतात. पुढे विद्यासागर स्वतःच औषधं देऊ लागले आणि उतारवयात आजच्या झारखंडमधल्या कर्माटाडला संथाळ आदिवासींना फुकट देत राहिले. त्यांच्या करुणेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझं मन मात्र अधिक गुंतलंय ते महेंद्रलाल सरकार यांच्यात. कोलकाता विद्यापीठाचे दुसरे एम.डी., १८६३चे. होमिओपॅथीचे कडवे विरोधक. होमिओपॅथीच्या एका पुस्तकावर टीका लिहायची तर आधी स्वतः पाहिलं पाहिजे, म्हणून दत्तांचे रोगी बघू लागले आणि मत बदललं. १८६७मध्ये डॉक्टरांच्या सभेत त्यांनी ते उघड सांगितलं. सहकाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं, रोगी तुटले. तरीही ते मागे हटले नाहीत. १८८५मध्ये रामकृष्ण परमहंसांच्या घशाला कर्करोग झाला, तेव्हा हेच महेंद्रलाल तासन् तास त्यांच्याजवळ बसत, औषध देत आणि अवतार वगैरे मानायला साफ नकार देत वाद घालत. ऑगस्ट १८८६मध्ये परमहंस गेले.

महेंद्रलालांचं पाहणं प्रामाणिक होतं, पण रोगी बरा होताना पाहणं आणि औषधानं बरा झाला हे जाणणं, यातलं अंतर त्या पाहण्यातून मिटत नव्हतं. न्यूरेंबर्गसारखी दुसरी बाटली त्यांच्यासमोर नव्हती. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो त्यांच्या निष्कर्षासाठी नव्हे. बिरादरीनं तोंड फिरवलेलं असताना या माणसानं वर्गण्या गोळा केल्या आणि १८७६मध्ये बहूबाजारात भारतीयांसाठी विज्ञानसंस्था उभारली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. महेंद्रलाल १९०४मध्ये गेले. तीन वर्षांनी अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी नेमणूक होऊन कोलकात्याला आला आणि कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर त्या संस्थेत प्रयोग करू लागला. ते होते चंद्रशेखर व्यंकट रामन. १९२८मध्ये प्रकाशाच्या विकिरणाचा त्यांचा शोध लागला तो याच इमारतीत.