राब भाजताना

(दृश्य: पहाट. डोंगरउतारावरून सरकणारा धूर.)

धुराला घाबरू नका. एप्रिलमध्ये घाटघरच्या शिवारात असा धूर निघतोच. राब भाजायचं काम चाललंय, म्हणजे भाताची रोपं वाढवायचा जमिनीचा तुकडा पेरणीआधी भाजून काढायचं.

हे अहिल्यानगर जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक, अकोले तालुका. जिल्ह्याची दुसरी बाजू पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसते आणि इथे घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. त्या पावसाची तयारी महादेव कोळी शेतकरी भर उन्हाळ्यात करतात.

(दृश्य: माती पसरणारे हात, अगदी जवळून.)

आधी शेण पसरलं. त्यावर ऐनाच्या झाडाच्या डहाळ्या, मग पालापाचोळा, गवत. आणि सगळ्यावर ढेकळं फोडून बारीक केलेली माती. खरी गोम या मातीत आहे. ती नसेल तर सगळं भसकन पेटून जाईल. मातीखाली आग दबते, धुमसत राहते आणि जमीन चांगली भाजून निघते. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. मृगाचा पाऊस पडला की याच काळ्या तुकड्यात भात पेरायचा: काळभात, जिरवेल, रायभोग.

राबामुळे जंगल उजाड होतं, अशी तक्रार असते. ती खोटी नाही. झाड ओरबाडलं तर खचतंच. पण जाणता माणूस बुंधा राखून डहाळ्या उतरवतो. झाड मेलं तर पुढच्या वर्षी राब कशाने भाजणार?

(दृश्य: जुलै. खाचरात आवणी.)

रोपं वीतभर झाली की आवणी, म्हणजे राबातली रोपं उपटून खाचरात लावायची. दोन्ही हात चिखलात, छत्री धरायची कशी? त्यासाठी इरलं. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, वर पळसाची पानं. डोकं आणि वाकलेली पाठ दोन्ही झाकतं. आता बहुतेकींच्या पाठीवर प्लास्टिकचा कागद दिसतो. हलका, स्वस्त. दिवसभर पावसात ओणवं राहणाऱ्या बाईने तो निवडला, तर आपण नावं ठेवू नयेत. तरीही एका पडवीत आढ्याला टांगलेलं इरलं दिसलं आणि आम्ही तिथेच थांबलो.

आजींनी ते खाली काढून दाखवलं. पानावर पान, कौलांसारखं बसवलेलं. चुलीच्या धुराने काळवंडलेलं, पण फट कुठे नाही. तेवढ्यात बाहेर सर आली. आजींनी इरलं डोक्यावर घेतलं आणि त्या खाचराकडे निघाल्या.